पायाची खोड

सकाळपासून तामूने तीनदा चहा ओतून घेतला आणि तिन्ही वेळा तो गार होऊ दिला. शर्गी सुटली होती. वाळवंटाकडून येणारा हा कोरडा वारा अल-जदीदा शहरात शिरला की माणसांची डोकी फिरतात आणि टेनिस क्लबातली लाल माती उडून सरळ समुद्रात जाते. त्या क्लबची सहा कोर्टं तामूच्या हाताखाली होती. आधी तिचा नवरा बूशाईब ती सांभाळायचा. त्याची कंबर गेली, मग तो गेला, आणि माती सारखी करायला तिच्यावरून जाळं ओढायचं काम तामूने कोणालाही न विचारता आपल्या खांद्यावर घेतलं. बाईमाणसाला कोर्ट जमायचं नाही, असं तेव्हा चार जण म्हणाले होते. त्यातले तिघे आता मेलेत आणि चौथा तिला लांबूनच सलाम करतो.

पण आजचा चहा काही वाऱ्यामुळे गार होत नव्हता. दुपारी तीन वाजता तिची लेक नुहैला मधल्या कोर्टावर उतरणार होती.

नुहैला एकतिसाची. चौदा वर्षं टेनिसवर पोट भरणारी. तीन रॅकेटी, एक बॅग, स्वस्तातल्या हॉटेलात दुसऱ्या खेळाडूबरोबर अर्धी खोली, रात्री बेसिनात धुतलेले मोजे सकाळी ओलेच पायात, असा संसार. आज अंताल्या, पुढच्या सोमवारी कैरो, त्यापुढच्या सोमवारी आणखी कुठे. बापाला मातीत ठेवला त्या दिवशी पोरगी ताश्कंदला पात्रता फेरी खेळत होती, आणि जिंकली, आणि मग स्वच्छतागृहाचं दार लावून घेऊन बसली. एका वर्षी ती जगात दोनशे बारावी झाली. मासळीबाजारात तो आकडा तामू असा सांगायची, जणू वरच्या दोनशे अकरा जणी त्या दिवशी काही कामामुळे आल्या नव्हत्या. पुढे गुडघा फाटला, शस्त्रक्रिया झाली, आकडा घसरत घसरत पाचशेच्या घरात गेला.

तामू शाळेत गेली ती दोन हिवाळे. पण फोनवर लेकीचा सामना कसा बघायचा हे तिला पाठ होतं. चित्र नाही, आवाज नाही, नुसते आकडे. पंधरा, तीस, चाळीस. आकडा हलला की तामू जागची हलायची, आणि हलला नाही की जास्तच. चौदा वर्षं ही बाई अशी एका जागी बसलेली कुणी बघितली नाही. कणीक मळताना फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला, पाणी मारताना कमरेला खोचलेला.

आज मात्र फोनचं काम नव्हतं. सामना घरच्याच मातीवर होता, आणि तेच वाईट होतं. गेल्या वर्षी याच आठवड्यात, याच स्पर्धेत नुहैला उपांत्य फेरीपर्यंत गेली होती. ते गुण आता वर्षाचे होऊन सोमवारी गळून पडणार. आज जिंकली तर तेवढेच गुण पुन्हा हातात. हरली तर क्रमांक इतका खाली, की पुढच्या स्पर्धांच्या यादीत नावच लागणार नाही. नुहैलाने काल जेवताना सार्डिनचे काटे काढता काढता सांगून टाकलं होतं, "यम्मा, उद्या पडले तर बस्स. सोमवारी हाज द्रीसना हो म्हणते."

हाज द्रीस म्हणजे क्लबचे अध्यक्ष. पांढरी पॅन्ट, पांढरे बूट, आणि बोलणं असं की मध चाटावा आणि मग दात दुखावेत. महिनाभर ते मागे लागले होते.

"लल्ला तामू, पोर घरचीच आहे. आईच्या हातात जाळं, लेकीच्या हातात लहान मुलांचा वर्ग. क्लबला आणखी काय पाहिजे?"

"हाज, माझ्या घरात क्लबला देण्यासारखी एकच बाई होती," तामू म्हणाली होती. "ती तुम्ही घेतलीत."

त्यांना हसू आलं. तिला आलं नाही. याच क्लबात लेकीने कोणाच्या तरी पोरांचे चेंडू गोळा करावेत आणि आयांनी फाटकाशी उभं राहून 'आमच्या माळीणबाईंची मुलगी' म्हणून ओळख करून द्यावी, हे ऐकायला तामू जिवंत राहणार नव्हती. मातीत वाकायला एक पाठ पुरे होती घरातली.

सकाळी घडीच्या गरम पोळ्यांवर मध घालून तामू अंगणात आली तर नुहैला उभ्याउभ्याच एक पाय मागेपुढे करत होती. शेजारच्या मांजरीने रेतीत पावलं उमटवली होती. नुहैला बोलत होती एकीकडे, बघत होती दुसरीकडे, आणि तिचा उजवा पाय आपला आपण मांजरीचं एकेक पाऊल पुसत होता.

तामूला हसू फुटलं. "अजून?"

नुहैलाने खाली बघितलं. "बघ ना! बाहेर असले की गप्प असतो. घरी आले की ऐकत नाही."

"चांगली खोड आहे. मी लावलीय."

"चांगली? सतराव्या वर्षी स्पेनमध्ये या खोडीने माझा सामना घालवला. कोचने मग महिनाभर नडगीवर रॅकेट मारली. ठसा पुसला की टक. पुसला की टक."

"मेल्याचे हात झडोत! माझ्या पोरीच्या नडगीवर?"

"तुझे चिमटे काय फुलं होती?"

तामू पोळी वाढायला लागली.

लाल मातीचा कायदा दोघींना ठाऊक होता. चेंडू पडला की मातीत ठसा उठतो. आत पडला की बाहेर, असा वाद झाला तर पंच खुर्चीवरून उतरतो आणि तो ठसा वाकून बघतो. पण जिच्या बाजूला ठसा आहे तिने तो आधीच पायाने पुसला, तर तिने वाद सोडला. चेंडू आत होता असं धरायचं, गुण समोरचीचा. मातीवर खेळणाऱ्या पोरी त्यामुळे ठशाला पाय लावायच्या आधी दहादा विचार करतात. नुहैलाच्या पायाला मात्र विचार करायची सवय नव्हती, कारण तो वेगळ्या शाळेत शिकला होता.

ती चार-पाच वर्षांची असताना बूशाईब तिला उजाडता उजाडता कोर्टावर न्यायचा. सभासद यायच्या आत तास-दीड तास ती तुटक्या दांड्याच्या रॅकेटने भिंतीशी आणि मग बापाशी खेळायची. चोरून, अर्थात. नोकराच्या पोरीने सभासदांच्या मातीवर पाय ठेवायचा नाही, असं तेव्हाच्या अध्यक्षांनी बजावून सांगितलं होतं. एकदा कुणाला तरी रेषेजवळ लहानसं पाऊल दिसलं आणि बूशाईबचा आठवड्याचा पगार कापला गेला. त्या दिवसापासून तामू स्वतः यायला लागली. बाप जाळं ओढायचा, पोर मागून उरलेसुरले ठसे पायाने पुसायची आणि आई कंबरेवर हात ठेवून बघायची. एक जरी डाग राहिला तरी दंडाला चिमटा.

"मला दिसतोय तो. तू इथे आलीच नव्हतीस असं दिसलं पाहिजे. कळलं?"

कळलं होतं. चांगलंच कळलं होतं.

दुपारी दीडला आधीचा सामना संपला तेव्हा मधल्या कोर्टाची माती पिठासारखी उडत होती. तामूने पाइप ओढून आणला आणि पाणी मारलं. जेवढं मारायचं तेवढंच, बोटाने माती दाबून बघत. हाज द्रीस वरच्या गच्चीवरून ओरडले, "लल्ला तामू, लेकीसाठी जरा जास्त मार की! माती जड झाली तर तिच्या फायद्याचं आहे!" गच्चीवरचे बाकीचे हसले. खरंच होतं ते. नुहैला धावून, लांब लांब घसरून चेंडू परतवणारी, आणि समोरची स्लोव्हाक पोरगी, ल्युबिका नावाची, एकोणीस वर्षांची, उंटासारखी उंच, नुसती जोरात हाणणारी. कोर्ट जड तर हाणलेलं मंद.

"जिंकायचं तर माझी पोर रॅकेटने जिंकेल," तामू खालून म्हणाली. "पाइपने जिंकायची वेळ तुमच्या पोरांवर येते."

गच्चीवर एकाला चहाचा ठसका लागला.

सामना सुरू झाला आणि तामूचे पाय सुटले. मागच्या जाळीशी दोन मिनिटं, मग बाजूच्या बाकाशी, मग नळाशी, मग परत जाळीशी. बसायला कुणी खुर्ची दिली तर तिने तिच्यावर रेषा झाडायचा ब्रश ठेवला. पहिला सेट नुहैलाने घेतला, सहा-चार. तामूने तोंड धुतलं. दुसरा गेला, सहा-तीन, आणि इतक्या लवकर गेला की तोंड कोरडं व्हायलाही वेळ मिळाला नाही. तिसऱ्यात कुणी कुणाला सोडेना. वारा एका टोकाकडून असा येत होता की सर्व्हिससाठी वर टाकलेला चेंडू डोक्यामागे जाई. नुहैलाचा गुडघा दुखायला लागला होता. बाकी कुणाला कळलं नाही. तामूला कळलं, कारण दोन गुणांच्या मधे पोर डाव्या पायावर भार देऊन उभी राहत होती, बूशाईब शेवटी शेवटी राहायचा तशी.

आणि आणखी एक गोष्ट तामूला खुपत होती. नुहैला जपून खेळत होती. जिथे घसरत जाऊन चेंडू गाठायचा तिथे लहान लहान पावलांनी पळत होती, आणि उशीर होत होता. पाव्हण्यांच्या घरात नवीन गालिच्यावर चालावं तशी चालली होती कार्टी.

सहा-सहा. टायब्रेक. तामू मागच्या जाळीला दोन्ही हातांनी लटकली. समोर दहा हातांवर लेकीची पाठ.

सहा-पाच नुहैला. एक गुण, आणि सामना खिशात.

ल्युबिकाने जीव तोडून फटका मारला. चेंडू नुहैलाच्या बेसलाइनच्या मागे पडला. बोटभर मागे, तामूने आपल्या डोळ्यांनी बघितलं, इतक्या जवळून की ठशाच्या कडेला उभी राहिलेली मातीची बारीक भिंतसुद्धा दिसली. बाहेर! नुहैलानेही बघितलं. तिने बोट वर केलं, रॅकेट वर केली, चेहरा असा उजळला की तामूला ती पाच वर्षांची दिसली. आणि हस्तांदोलनाला नेटकडे वळता वळता तिचा उजवा पाय सवयीने मागे गेला आणि त्या ठशावरून हलकेच, गोल, स्वच्छ फिरला.

तामूच्या तोंडून शब्द फुटायच्या आत झालं ते.

पंच रबातचा होता, चष्म्यावर धूळ बसलेला. त्याने 'आउट' म्हटलंच नव्हतं. धुळीच्या लोटात त्याला काही दिसलं नव्हतं.

"ठसा दाखवा," तो म्हणाला आणि खुर्चीवरून उतरू लागला.

नुहैलाने खाली बघितलं. माती गुळगुळीत होती. तिथे कधी कोणी आलंच नव्हतं.

"पुसलात?" पंच पायरीवरच थांबला. "पुसलात म्हणजे तुम्ही सोडलंत. सहा-सहा."

"पण ते बाहेर होतं! मी... तो माझा पाय..." नुहैलाने पायाकडे असं बघितलं जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

गच्चीवर कुजबुज झाली, आणि मग हाज द्रीसांचा मधाळ आवाज, "अरेरे. घरची सवय."

तामूने जाळी सोडली. सामना कुणी घालवला? ल्युबिकाने नाही, वाऱ्याने नाही, त्या धुरकट चष्म्यानेही नाही. एकेक चिमटा आठवत होता तिला, कुठल्या दंडाला, किती जोरात. तू इथे आलीच नव्हतीस असं दिसलं पाहिजे. पोरीने ऐकलं होतं. तिचं मेलीचं कधी कुणी ऐकलं नाही, नवऱ्याने नाही, देवाने नाही, आणि ही एक गोष्ट पोरीने सव्वीस वर्षं ऐकली.

सहा-सहाला बाजू बदलायची असते. नुहैला खाली मान घालून बाजूच्या जाळीजवळून पलीकडे निघाली, परत तीच लहान पावलं. तामू तिच्याबरोबर जाळीच्या बाहेरून धावत निघाली. पासष्टीची बाई, चपला फटाफट वाजत होत्या.

"नुहैला!"

पोरीने वर बघितलं नाही.

"नुहैला, घाण कर!"

आता बघितलं.

"सगळं कोर्ट घाण कर! खणून ठेव! नांगरून टाक! मी आहे ना झाडायला? माझे हात मोडलेत का? त्या गच्चीवरच्या म्हाताऱ्याला दिसू दे तू कुठे कुठे पाय ठेवलेस ते!"

"बाई!" पंच ओरडला. "प्रेक्षकांनी खेळाडूशी बोलायचं नाही."

"मी प्रेक्षक नाही. मी कोर्टवाली आहे. कोर्टाविषयी बोलतेय."

"आणखी एक शब्द बोललात तर बाहेर काढीन."

"काढा. मग रेषा कोण साफ करणार? तुम्ही? आधी चष्मा साफ करा."

लोक हसले. पंचाने ओठ दाबले, आणि खरंच चष्मा काढून शर्टाला पुसला. नुहैला मात्र हसली नाही. ती आईकडे बघत उभी होती, एवढंच. मग पलीकडे गेली.

पुढचा गुण गेला. सहा-सात. आता एक चूक आणि सोमवारी हाज द्रीस. ल्युबिकाने चेंडू दूरच्या कोपऱ्यात टाकला आणि नुहैला धावली आणि शेवटच्या चार हातांत पाय लांब करून अशी घसरली की मातीत होडी ओढल्यासारखा चर पडला. गुडघा टेकला, लाल धूळ उडाली, पण चेंडू पलीकडे, रेषेवर. सात-सात. पुन्हा एकदा तसंच, दुसऱ्या बाजूला. आठ-सात. कोर्टाची दशा बघवत नव्हती. तामू मात्र डोळे फाडून बघत होती.

आता हा एक गुण, आणि सामना. तो लांबला. पंधरा फटके, अठरा, मोजणं सुटलं. शेवटी ल्युबिकाने बाजूच्या रेषेवर जीव खाऊन हाणला, चेंडू मातीत पडला, आणि नुहैला खेळायची थांबली. बोट वर. बाहेर, असं तिचं म्हणणं. आत निघाला तर गुण गेला, कारण ती मधेच थांबली होती.

पंचाने याही वेळी 'आउट' म्हटलं नाही. मग तो उतरू लागला, एकेक पायरी.

आणि तामूला दिसलं की उजवा पाय जमिनीवरून उचलला गेलाय.

तो हवेतच राहिला. नुहैला एका पायावर, करकोच्यासारखी, श्वास रोखून. मग तिने तो पाय अगदी सावकाश, ठशापासून दूर ठेवला. तेवढ्यात शर्गीचा एक झोत कोर्टभर धूळ घेऊन आला. पोरगी झटकन वाऱ्याच्या अंगाला गेली, दुखऱ्या गुडघ्यावर बसली आणि रॅकेट, हात, पाठ, सगळं आडवं धरून त्या ठशाला वाऱ्यापासून आडोसा करून राहिली. हात न लावता. चुलीतला विस्तव राखावा तसा.

पंच येऊन वाकला. ल्युबिकाही नेटला वळसा घालून आली आणि वाकली. तामूला लांबून काही दिसत नव्हतं. दीड वाजता बोटाने दाबून दाबून मारलेलं पाणी तेवढं आठवत होतं. ओलसर मातीवर ठसा खोटं बोलत नाही, बूशाईब म्हणायचा.

पंचाने अंगठा आणि तर्जनी यांत थोडीशी फट करून दाखवली. एवढं बाहेर. ल्युबिकाने स्वतः बघितलं, खांदे उडवले आणि हात पुढे केला.

तामू तिथेच मटकन बसली. दिवसात पहिल्यांदा. पण बसणं तिला कुठलं मानवतंय. लोक टाळ्या वाजवून थांबायच्या आत ती उठली आणि जाळं घेऊन कोर्टात शिरली, कारण पुढच्या सामन्याच्या दोघी फाटकाशी उभ्या होत्या.

नुहैला गुडघ्यापर्यंत लाल झाली होती. "यम्मा, कोर्टाची वाट लावली मी."

"दिसतंय. गाढव लोळल्यासारखं झालंय." तामूने तिच्या तोंडावरची माती डोक्याच्या रुमालाने पुसली, जरा जास्तच जोरात. "गुडघा?"

"आहे जागेवर."

बोलता बोलता पोरीने जाळ्याची दोरी धरली, दुसऱ्या टोकाची, लहानपणी धरायची ती. तामूने तिच्या हातावर चापट मारली.

"सोड. उद्या उपांत्य फेरी आहे तुझी. जा, बर्फ लाव, पाय वर करून पड. याला हात लावलास तर बघ."

हाज द्रीस अभिनंदनाला खाली आले होते, दोन्ही हात पसरून. "मबरूक, लल्ला तामू, मबरूक! मग त्या वर्गाचं आता..."

"सोमवारी ती ट्युनिसला असेल, हाज. पोरांना तुम्ही शिकवा. पांढरे बूट आहेतच."

ती जाळं ओढत निघाली. बाहेरून आत, गोल गोल, बूशाईबने शिकवलं तसं. ते लांब चर बुजले, गुडघ्याचे खड्डे बुजले. बाजूच्या रेषेपाशी तो शेवटचा ठसा होता, अंड्याएवढा, रेषेपासून बोटभर लांब. तामू थांबली. वाकून बघितला. फाटकातून एक खेळाडू घड्याळ दाखवत होती.

"येतेय, येतेय. माती आहे, कापड नाही झटकायला," तामू ओरडली, आणि जाळं त्याच्यावरून ओढून नेलं.

मग तिने कमरेचा फोन काढला आणि फाटकाशी उभ्या असलेल्या दोघींतल्या मराकेशच्या पोरीसमोर धरला. "ए बाय, वाच बघू. उद्याचा पहिला सामना किती वाजता लावलाय? आणि या वाऱ्याचं काय म्हणतोय? थांबणार का?"

पोरीने वाचलं. अकरा वाजता. वारा उद्याही.

तामूने आभाळाकडे बघितलं, एक शिवी दिली आणि पाइप आणायला गेली.